लोडभाऊंचा रविवार

पाणी कमरेला लागलं तरी सगुणा गोधडी सोडायला तयार नव्हती. मी ओरडत होते, "सोड गं ती मेली!" आणि ती म्हणत होती, "माज्या आयच्या लुगड्यांची हाय, नाय सोडायची." थोड्या वेळापूर्वी पाताळगंगेचं पाणी आमच्या घोट्याला होतं. आता ते फेस घेऊन येत होतं आणि पायाखालचे गोटे सरकत होते. नदीत आम्ही तिघी होतो: मी, सगुणा आणि माझ्या खानावळीत भाकऱ्या थापणारी शेवंता. वर पावर हाऊसचा भोंगा दुसऱ्यांदा वाजत होता. काठावरच्या खडकावर सगुणाचे यजमान विझलेली विडी बोटांत धरून उभे होते. त्यांनीच आम्हाला सांगितलं होतं, "बसा धुवत. आज रविवार हाय. मुंबई झोपलीय." जन्मात पहिल्यांदा त्यांना पुढचं वाक्य सुचत नव्हतं.

त्यांना आम्ही लोडभाऊ म्हणायचो. त्या काळी खोपोलीत राहिलेल्या कोणालाही हे नाव सांगा, आधी हसेल. पावर हाऊसमध्ये ते यंत्रांना तेल घालायचे. हुद्दा म्हणाल तर एवढाच. पण बोलणं ऐकून वाटावं, मुंबईतला प्रत्येक दिवा यांना विचारून लागतो. "लोड हाय", "लोड नाय", "लोड चढतोय", "लोड बसला", दिवसभर हेच. कोणाच्या बारशाला गेले तर पाळण्यात वाकून बाळाचं रडणं ऐकायचे आणि म्हणायचे, "लोड चांगला हाय." भांडणात त्यांचं शेवटचं वाक्य ठरलेलं होतं, "मी एक दिस हात काढला ना, तर मुंबई अंधारात बसंल." मुंबईला याची काही कल्पना नव्हती, त्यामुळे ती निवांत होती.

नव्या माणसांना आमच्या गावाचं नशीब समजावून सांगावं लागतं. घाटमाथ्यावर तलाव आहेत. त्यांचं पाणी डोंगराच्या अंगावरून मोठाल्या नळांतून खाली येतं, पावर हाऊसची चाकं फिरवतं आणि काम झालं की नदीत सुटतं. वीज तारांवरून मुंबईला जाते. मुंबईला वीज जास्त लागली, म्हणजे लोड चढला, की नदी चढायची, कमी लागली की उतरायची. बाकीच्या गावांच्या नद्या पावसाचं ऐकतात, आमची मुंबईचं ऐकायची. सकाळी पाणी वाढायला लागलं की लोडभाऊ म्हणायचे, "मुंबई उठली." दुपारी जरा उतरलं की, "जेवाया बसली." तिन्हीसांजेला पुन्हा चढलं की, "दिवे लावले तिनं." मुंबईला ते स्वतः एकदाच गेले होते, मेव्हण्याच्या लग्नाला, आणि एका पायातली चप्पल हरवून परत आले होते. पण तिला जांभई कधी येते ते त्यांना इथं बसून कळायचं.

माझं माहेर कडाव. चौथी झाली आणि शाळा सुटली, पुढे लग्न होऊन खोपोलीत आले. नवरा कागदाच्या कारखान्यात होता. तो तापानं गेला तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. रडत बसले असते तर कोणी जेवायला घातलं नसतं, म्हणून मीच चार जणांना जेवायला घालायला लागले. चाराचे चाळीस झाले. त्यात माझं कर्तृत्व फारसं नव्हतं. जवळ वीज होती म्हणून गिरणी आली, कागद आला, मग लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्या आल्या. त्यांच्यामागून घाटावरची, तळकोकणातली, उत्तरेकडची माणसं आली, आणि त्या सगळ्यांना दोन वेळा भूक लागायची. एवढ्यावर माझी खानावळ उभी राहिली.

खानावळीत स्वयंपाक अवघड नसतो. भात किती टाकायचा ते ठरवणं अवघड असतं. जास्त झाला तर म्हशीला, कमी पडला तर शिव्या. लोडभाऊ रात्रपाळी करून सकाळी माझ्या दारावरून जायचे आणि पायरीशी उभे राहून हुकूम सोडायचे, "वयनी, तीन पायली टाका. मुंबई जोरात हाय." नाहीतर, "दीडच टाका. लोड बसलाय." त्यांचं म्हणणं असं, की मुंबईला काम असेल तर आपल्याकडेही सगळ्या पाळ्या भरणार. दहातले आठ दिवस ते बरोबर निघायचे. मी तोंडावर कबूल करत नसे, पण भात त्यांच्याच सांगण्यानं टाकायची. पुढे पुढे चहावाला दूध किती घ्यायचं ते त्यांना विचारून घेऊ लागला. भाजीवालीसुद्धा टोपली उतरवायच्या आधी विचारायची, "भाऊ, मुंबई कशी हाय आज?" जशी काही मुंबई बाळंत व्हायला आली होती.

उरलेल्या दोन दिवसांचीही गोष्ट सांगते. एकदा मुंबईत कसलासा बंद होता. लोडभाऊ म्हणाले, "आज एक पायली लय झाली." बंद मुंबईत होता. आमच्या भट्ट्या ढणढण पेटलेल्या होत्या. बारा वाजता दारात रांग लागली आणि मी आणि शेवंता घाम पुसत पिठलं ढवळत बसलो. संध्याकाळी त्यांना धरलं तर म्हणाले, "माजं काय चुकलं? मुंबई बंदच व्हती. तुमची गिऱ्हाईकं तिचं ऐकत नायत त्याला मी काय करू?" लोडभाऊ कधीच चुकायचे नाहीत. चुकायचं ते पाणी, चुकायची ती मुंबई, नाहीतर जेवायला आलेला माणूस.

त्यांच्या खिशात एक रुमाल असायचा, तेलानं काळाकुट्ट झालेला. लग्नकार्यात इस्त्रीच्या सदऱ्यातूनसुद्धा त्याचं टोक बाहेर डोकावायचं, म्हणजे ते मुद्दाम काढून ठेवायचे. सगुणा धुवायला मागायची, ते द्यायचे नाहीत. "ह्ये तेल धुवायचं नसतं. ह्या तेलावर मुंबई फिरते." सगुणा म्हणायची, "मंग तिलाच सांगा जेवाया वाढाया." सगुणा चणीनं बारीक, तोंडानं तिखट. गावात त्यांना पहिली हसायची ती तीच, आणि त्यांचं खरं मानायची तीही पहिली तीच. बायकोचं असंच असतं. हे मी कौतुकानं सांगत नाही.

त्यांचं काही एक खरं मानत नसे ती शेवंता. पोशीरची, माझ्याहून चार वर्षांनी मोठी, माझ्यासारखीच नवरा गेलेली. बोलायची कमी, पण एकदा बोलली की झालं. भाकरी तव्यावर टाकता टाकता ती मला म्हणायची, "बाय, ह्यो मानूस तेल घालतो. पानी सोडनारा येगळा." मी हसायची. मला ते वाक्य चांगलं वाटायचं, पण मी त्याचा उपयोग कधी केला नाही.

साहेबांच्या कॉलनीत पंखे फिरायचे. लोडभाऊंची खोली कुंपणाबाहेर, जुन्या चाळीत, आणि तिथं कंदील. डोक्यावरून मुंबईच्या तारा गुणगुणत जायच्या आणि खाली मुंबईला उजेड देणारा माणूस राखेनं काच पुसत बसायचा. शेवटी चाळीत वीज आली तेव्हा त्यांनी नारळ आणला. बटण दाबायचा मान मला दिला, का तर मी चाळीस माणसांना जेवू घालते. दिवा लागला, पण विझत्या निखाऱ्यासारखा लालसर. आम्ही सगळे माना वर करून उभे. शेवंता म्हणाली, "भाऊ, ह्यापरीस कंदील बरा व्हता." लोडभाऊ जराही हलले नाहीत. म्हणाले, "मुंबईला ह्या वक्ताला जास्त लागतं. आपुन दमानं घ्यायचं." थोरली लेक माहेरी आली म्हणून तिच्या पानात आधी वाढावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"वीज उतरते तितं लक्ष्मी उतरते," हे त्यांचं आवडतं वाक्य. गावानं ते गिरवलं. लोकांनी म्हशी विकून गोठ्यांत भाडेकरू ठेवले. भाताची खाचरं बुजवून चाळी उठल्या. लोडभाऊ हिंडून सांगायचे, "धा वर्सांत खोपोली म्हंजे दुसरी मुंबई. वयनी, तुमच्या खानावळीचं हाटेल व्हनार. तुमी नुस्तं गल्ल्यावर बसायचं."

मी विचारलं, "आणि भात कोण टाकणार?"

"मशीन टाकनार."

"मग तुम्ही पायरीशी उभे राहून कोणाला सांगणार?"

यावर ते लगेच म्हणाले, "मशीनला."

त्यांचा धाकटा भाऊ मोहोपाड्याला रसायनाच्या कारखान्यात लागला. त्याला खोली मिळाली, खोलीत पंखा मिळाला. लोडभाऊंना ते फार झोंबलं. म्हणायचे, "काय त्याचं कवतिक! आमचं उष्टं पानी पिऊन चालतो त्याचा कारखाना." हे मात्र खरं होतं. आमच्याकडून सुटलेलं पाणीच खाली त्यांच्याकडे जायचं. पण पंखा त्याच्याकडे होता.

मग विजेच्या टंचाईची वर्षं आली. पाऊस कमी पडला, तलाव खाली गेले, आणि मुंबईला तर दर वर्षी आणखी वीज हवी. आधी आमच्या भट्ट्या विझल्या. जिथं वीज तयार होते तिथंच वीज नाही म्हणून भट्ट्या बंद, हे शेवंताला समजावून सांगताना माझीच जीभ अडखळली. ती म्हणाली, "म्हंजी गाय आपल्या गोठ्यात आन् दूध शेजारच्या घरात." उत्तरेकडची माणसं वळकट्या उचलून गेली. माझी पंगत चाळीसावरून पंधरावर आली. चहावाल्यानं एक बाकडं आत घेतलं, मग दुसरं घेतलं. गोठ्यातल्या खोल्या रिकाम्या झाल्या, आणि म्हशी तर आधीच विकलेल्या. लक्ष्मी उतरली होती हे खोटं नव्हतं. पण ती मुंबईच्या सवडीनं उतरायची आणि मुंबईच्या सवडीनं उठून जायची.

लोडभाऊंचा रुबाब मात्र त्या दिवसांत वाढला. बाजार त्यांच्या तोंडाकडे बघून दुकानाच्या फळ्या काढू लागला. माणूस बुडायला लागला की ज्योतिषाकडे जास्त जातो, तसं.

आता रविवारचं सांगते. रविवारी मुंबईच्या गिरण्या बंद, कचेऱ्या बंद, म्हणून आमची नदी घोट्यावर यायची. नदीच्या मधोमध एक सपाट कातळ होता. सहा दिवस तो पाण्याखाली आणि सातव्या दिवशी उघडा, ऊन खात पडलेला. गोधड्या धुवायला त्याच्यासारखी जागा नाही. बाकीच्या गावांतल्या बायका ऊन बघून गोधड्या काढतात, आम्ही मुंबईची सुट्टी बघून काढायचो. पाणी सोडायच्या आधी पावर हाऊसचा भोंगा वाजायचा आणि नदीतली माणसं वर यायची, हा नियम लहान पोरालाही ठाऊक होता. पण लोडभाऊंनी त्या नियमाला स्वतःचं शेपूट जोडलं होतं. "रविवारी भोंगा झाला तर घाबरायचं नाय. भोंगा चालतो का नाय ते बगतात." असे दोन-तीन रविवार गेलेही होते. भोंगा वाजला आणि पाणी काही आलं नाही. त्यामुळे शेपटासकट नियम गावात रुजला.

कागद कारखान्याचे टाइमकीपर माझ्याकडे जेवायचे. सभ्य माणूस, आमटीसुद्धा आवाज न करता प्यायचा. एका दुपारी ते म्हणाले, "मावशी, या आठवड्यापासून रविवारची सुट्टी गेली. वीज पुरत नाही, म्हणून कारखान्यांना आळीपाळीनं सुट्टी दिलीय. कोणाला सोमवार, कोणाला बुधवार. मुंबईतही तसंच."

लोडभाऊ समोरच्या पाटावर होते. ते हात चाटत म्हणाले, "मुंबईचा रविवार कोन बदलनार? इंग्रज गेला, पन रविवार नाय गेला."

"भाऊ, तसा कागद आलाय."

"कागद तर तुमच्या कारखान्यात रोजच निगतो."

पंगत खदखदून हसली. सगळ्यांत मोठ्यानं मी हसले, वाढता वाढता भात सांडला. टाइमकीपर मान खाली घालून जेवत राहिले. खानावळीत ज्यानं हसवलं तो जिंकला, मग कागद कोणाकडे का असेना. फक्त शेवंता चुलीपुढून म्हणाली, "हसून काय पानी थांबतं व्हय?" तिच्याकडे कोणी बघितलं नाही.

त्या रविवारी सकाळी कागद कारखान्याची पाळी कामावर गेली. माझ्या दारावरूनच गेली. त्यांचे डबे माझ्या हातांनी भरलेले होते. तरी माझ्या डोक्यात आलं नाही, की यांचा रविवार गेला तर मुंबईचाही गेला असेल. रविवार म्हटलं की गोधड्या, एवढंच डोक्यात. आम्ही तिघी पाट्या घेऊन नदीवर गेलो. लोडभाऊंची सुट्टी होती, ते राखण करायला म्हणून आले. म्हणजे खडकावर बसून विडी ओढायला आले.

पहिला भोंगा झाला तेव्हा शेवंता उठली. लुगड्याचा काष्टा घट्ट करून म्हणाली, "बाय, भोंगा झाला. चला वर." लोडभाऊंनी खडकावरून हात हलवला. "बसा धुवत. आज रविवार हाय. मुंबई झोपलीय." सगुणा म्हणाली, "आमच्या ह्यांना सोपनात बी मुंबईच दिसते." शेवंता दोन पावलं गेली आणि परत आली. आम्ही शेवटची गोधडी आपटायला घेतली, सगुणाच्या आईची.

पाण्याचा आवाज आधी बदलला. तो लोडभाऊंना आमच्या आधी कळला असणार, जन्म त्या आवाजात गेलेला. ते उभे राहिले. मग दुसरा भोंगा. त्यांच्या तोंडून एकच शब्द निघाला, "सुटली!" आणि ते पळाले. आमच्याकडे नाही, दोर आणायला वस्तीकडेही नाही. पावर हाऊसच्या रस्त्याला लागले. सगुणानं ते कमरेएवढ्या पाण्यातून बघितलं. म्हणाली, "पळाला बगा, माजा दाल्ला पळाला."

पुढचं थोडं आहे. गोधडीचं एक टोक कातळाच्या खाचेत अडकलं होतं. दुसरं टोक सगुणानं सोडलं नाही, आणि मी सगुणाची कंबर सोडली नाही. भिजलेली गोधडी दोन माणसांना उचलत नाही, तिनं त्या दिवशी दोन माणसं धरून ठेवली. शेवंता आमच्यापासून चार हातांवर होती. मधे गोधडी नव्हती, नुसतं पाणी होतं. रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकवाल्यांनी आरडाओरड ऐकून दोर टाकला. तोवर किती वेळ गेला ते मला ठाऊक नाही.

संध्याकाळी शेवंताचा भाऊ पोशीरहून आला. माझ्या खानावळीत सगळा बाजार जमला होता. तो रडला नाही. त्यानं एकच विचारलं, "भोंगा झाल्यावर बसा कोन म्हनलं?" लोडभाऊ दारातच उभे होते, पायांत चपला नव्हत्या. मी त्यांच्याकडे बोट केलं. म्हटलं, "हे म्हणाले." शेवंताच्या भावानं त्यांच्याकडे बघितलं. सगळ्या बाजारानं बघितलं. लोडभाऊ, ज्यांनी उभ्या जन्मात एक चूक स्वतःची मानली नव्हती, ते म्हणाले, "व्हय. मीच म्हनलो."

त्यानंतर गावानं त्यांना सोडलं नाही. बायको नदीत टाकून पळालेला माणूस, असं तोंडावर म्हणायचे. पोरं त्यांना बघून "सुटली!" ओरडून पळायची. सगुणा महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही, ताट सरकवायची आणि तोंड फिरवायची. ते कोणाला उत्तर देत नसत. भात किती टाकायचा तेही सांगेनासे झाले. सकाळी दारावरून जाताना मीच एकदा हाक मारली, "भाऊ, आज किती टाकू?" ते थांबले, पायरीपर्यंत आले नाहीत. म्हणाले, "तुमीच बगा." त्या दिवशी मी तीन पायली टाकला आणि दीड फुकट गेला.

पळाले कुठे होते, ते मला वर्षभरानं कळलं. पावर हाऊसचा वॉचमन जेवायला आला होता, त्यानं सांगितलं. लोडभाऊ अनवाणी धावत फाटकाशी आले आणि ओरडायला लागले, "मुंबई बंद करा! बाया नदीत हायेत, मुंबई बंद करा!" साहेबांनी ऐकताक्षणी फोन उचलला, चाकं थांबवली. पण नळातून उतरलेलं पाणी पुन्हा डोंगर चढत नाही. मुंबईत कुठंतरी थोडा वेळ दिवे गेले असतील. कोणीतरी पंखा थांबला म्हणून शिव्या घातल्या असतील. म्हणजे ज्या एका गोष्टीची धमकी ते जन्मभर देत आले होते, ती त्या दिवशी त्यांनी खरोखर करून दाखवली. आणि तेवढी एकच गोष्ट त्यांनी कधी कोणाला सांगितली नाही.

मी ती सगुणाला सांगितली. ती ऐकून घेऊन म्हणाली, "मंग दोर कोन आननार व्हतं?" पण त्या रात्रीपासून ती त्यांच्याशी बोलायला लागली.

ते नोकरीतून सुटले तोवर गिरणीला टाळं लागलं होतं. भट्ट्या एक पेटायची, दोन विझायच्या. दुसरी मुंबई काही झाली नाही. पहिलीचीच मुश्कील होती म्हणे. लोडभाऊ आणि सगुणा धाकट्या भावाकडे मोहोपाड्याला राहायला निघाले, पंख्याखाली. गाडीला वेळ होता म्हणून ते माझ्या पायरीवर टेकले. रुमाल खिशात होता, पण धुतलेला, पांढरा पडलेला. सगुणा आत पाणी प्यायला गेली तेव्हा मी बोलायचं ठरवलेलं बोलून टाकलं.

"भाऊ, तुम्ही त्या दिवशी बघितलं होतं."

"काय?"

"शेवंता तुमचं ऐकून थांबली नव्हती. ती निघाली होती. मी तिचा हात धरला. गोधडी पिळायला तिसरं माणूस लागतं म्हणून मी तिला ओढून परत बसवलं."

त्यांनी समोर डोंगरावरच्या नळांकडे बघितलं. मग म्हणाले, "रविवार मी सांगितला व्हता, वयनी." आणि गाडी आली म्हणून उठले.

ते वारले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांच्यामागून सगुणाही गेली. शेवटपर्यंत ती तीच गोधडी अंगावर घ्यायची. शेवंताच्या भावाला मी खरं सांगितलं नाही, तोही आता नाही. लोडभाऊंना हसणारी माणसं अजून भेटतात, लोडचे किस्से सांगतात. मीही सांगते, वर सांगितले तसे. शेवंता दुसऱ्या दिवशी खाली तीन गावं ओलांडून सापडली. त्या रविवारी नदीत आम्ही तिघी होतो. सगुणा वाचली. मी वाचले.